संमतिपत्रातली दुरुस्ती

"आ कर, दादा."

दादाने आ केला. जीभ वर उचलली. गोळी जिभेखालीच होती.

"गिळ ना रे. मला उशीर होतोय."

"गिळतो गं. आधी हे ऐक." दादाने वर्तमानपत्र पुढे ओढलं. "'मंत्र्यांच्या हस्ते नव्या मुलाचे उद्‌घाटन.' पूल म्हणायचंय गाढवांना!" आणि लाल पेनाने त्याने तो शब्द सुधारला.

तिला हसू आलं नाही. अकरा वर्षं रोज सकाळी साडेसातला ती दादाच्या घरी यायची आणि हेच चालायचं. दादा छापखान्यात मुद्रितशोधक होता. एके दिवशी त्याच्या कानात माणसं बोलायला लागली. ती माणसं गप्प राहायला हवीत तर गोळी चुकवून चालत नव्हती, आणि एका गोळीला चाळीस मिनिटं लागायची. कधी कडू लागते, कधी पाणी गार हवं, कधी आधी बातमी ऐक. एकदा ती कामासाठी चार दिवस परगावी गेली, तेव्हा शेजारच्या काकूंनी गोळ्या दिल्या. "एका घोटात गिळतो हो! गुणी आहे तुझा दादा," काकू म्हणाल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे छळायला मीच सापडते.

ती एका प्रयोगशाळेत संशोधक होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला दोनदा नोकरीसाठी बोलावलं. दोनदा ती नाही म्हणाली. एक चांगलं स्थळ आलं होतं, ते 'मग भावाचं काय?' इथे येऊन अडलं. रात्री कूस बदलतानाही तिला साडेसातच दिसायचे.

म्हणून तिने गोळीऐवजी सोन्याची एक चकती जीव ओतून तयार केली. सोनं आणि चांदी एकत्र वितळवून पातळ पत्रा करायचा, तो तेजाबात ठेवायचा. चांदी विरघळून जाते. उरतं ते सोनं, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांनी भरलेलं, स्पंजासारखं. त्या छिद्रांत औषध भरायचं आणि शर्टाच्या बटणाएवढी चकती दंडाच्या कातडीखाली बसवायची. औषध कणाकणाने झिरपत राहतं. सहा महिने गोळी नको. सुरुवातीला औषध दोन दिवसांत भसकन बाहेर यायचं. छिद्रं अजून बारीक करण्यात तिची चार वर्षं गेली. प्रयोगशाळेत सगळे तिला सोनारीण म्हणायला लागले. दादाही म्हणायचा.

रुग्णांवर चाचणी सुरू झाली, तेव्हा दादाच्या डॉक्टरीणबाईंनीच त्याचं नाव सुचवलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातून तिसरं पत्र आलं. या वेळी ती हो म्हणाली. दादाला मात्र सांगितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या खोलीत संमतिपत्र वाचून दादाने स्वतः सही करायची होती. चकती तिने केलेली, म्हणून तिला त्या खोलीत बसायची परवानगी नव्हती. ती बाहेर बाकावर बसली. तो नाही म्हणाला तर? आणखी अकरा वर्षं? आणि हो म्हणाला तर आपण सुटलो, असं मनात येताच तिची तिलाच लाज वाटली.

तासाभराने दार उघडलं.

"एवढा वेळ?" ती उठून उभी राहिली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "शुद्धलेखनाच्या चौदा चुका काढल्या त्यांनी आमच्या. सही केलीय. अगदी आनंदाने करतो म्हणाले." मग त्यांचं हसू ओसरलं. "पण एक दुरुस्ती तुम्ही बघायला हवी असं मला वाटलं. त्यांना विचारूनच आणलाय कागद."

त्यांनी पान पुढे केलं. मथळा होता, 'या उपचाराचे संभाव्य तोटे'. खाली छापलेलं होतं: एक, सूज. दोन, जंतुसंसर्ग. तीन, जखमेच्या जागी जळजळ.

आणि त्याच्या खाली, काहीतरी छापायचं राहून गेलंय अशी खूण करून, दादाच्या रेखीव अक्षरात, लाल शाईने:

'चार, बहीण सकाळी यायची थांबेल.'