भाऊरावाच्या तोंडची चव

भाऊराव नावाचा वाघ पिंजऱ्याच्या गजांना नाक लावून सुदाम खरमाळेचा वास घेत होता आणि त्याची लाळ थेट फरशीवर ठिबकत होती.

आठ महिन्यांपूर्वी पेशींच्या नमुन्यातून मटण वाढवणाऱ्या यंत्रात बोकडाचा नमुना बसवताना सुदामच्या अंगठ्याची सालपटं आत राहिली. यंत्राला काय, मिळेल त्याचं मटण ते वाढवतं. तेव्हापासून नगरपालिकेच्या त्या एवढ्याशा प्राणिसंग्रहालयातला एकुलता एक वाघ मंगळवार सोडून रोज आठ किलो सुदाम खात होता.

"साहेब, नमुना बदला. तो मला आता जेवण समजतो."

"बोकडाचा अर्ज वर गेलाय, खरमाळे," अधीक्षक केंजळे डब्यातला मटणाचा रस्सा भाकरीला लावत म्हणाले. "तुम्ही पिंजरा धुऊन घ्या."

"आज मंगळवार. त्याचा उपास असतो!"

"मग उपासाच्या दिवशी तुम्हाला खाईल कसा?"

सुदाम खराटा घेऊन आत गेला.

भाऊरावाने पहिल्या झेपेत त्याला भिंतीवर आपटलं आणि दुसऱ्या झेपेत डावा हात खांद्यापासून उपटला. रक्ताची चिळकांडी 'प्राण्यांना खायला घालू नये' या पाटीवर उडाली. केंजळेंनी पाण्याचा झोत मारून वाघाला मागे रेटलं, सुदामला बाहेर ओढलं आणि त्याचा खांदा पंच्याने करकचून बांधला. मग पिंजऱ्यात आकडी घालून त्या तुटलेल्या हाताचा उरलेला पंजाही ओढून घेतला.

"साहेब... बोकड..." सुदाम कण्हला.

"आता कशाला? नमुना ताजा मिळाला. जुन्याला हल्ली पहिल्यासारखी चव राहिली नव्हती."

ती चव साहेबांना कशी कळली, हे विचारायच्या आत सुदामची शुद्ध हरपली.