ओल्या विटांवरचा गिलावा

किर्बीने बोट चाटलं आणि तेच बोट चित्रावर टेकवलं.

"हे तुमच्याच गावचं चर्च ना, सेन्योरा?"

यूफेमियाला शिसारी आली. सांता फे शहरातला हा जुन्या चित्रांचा दलाल तासभर तिच्या स्वयंपाकघरात बसून बडीशेपेची बिस्किटं चेपत होता. दाढीत साखर अडकलेली. एरवी तिने असल्या माणसाला उंबऱ्याआतही घेतलं नसतं.

पण चित्रात टेकू होता. मातीच्या विटांचं चर्च, मागे उघडं वाळवंट आणि उत्तरेच्या भिंतीला आधार दिलेला तो जाडजूड मातीचा टेकू. नव्या पाद्र्याच्या मते टेकू ओल धरून भिंत कुजवत होता. तो जुना असल्याचा पुरावा मिळाला तर ठेवू, नाहीतर सोमवारी पाडू, असं त्याने बजावलं होतं. टेकू यूफेमियाच्या बापाने बांधला होता.

"आमचंच," ती म्हणाली. "काढलंय कोणी?"

"तीच तर पंचाईत आहे. सही नाही. मला वाटतं, ऑल्ड्रिचचं असावं."

"त्या मेल्याचं नाव नको या घरात!" शेजारी बसलेली लिब्रादा कडाडली. ती यूफेमियाची लहानपणापासूनची मैत्रीण. "इथलं खाल्लं, इथे राहिला आणि हिच्या आईला पळवून गेला. सगळं गाव जत्रेला गेलेलं बघून. ही सहा वर्षांची पोर, माझ्या आईच्या झग्याला धरून जत्रेत हिंडत होती."

यूफेमियाला आईचा तिटकारा होता आणि तो ती लपवत नसे. आईचा एकुलता फोटो तिने स्वतः चुलीत घातला होता. दर नोव्हेंबरात चर्चमध्ये घरोघरच्या मेलेल्यांची नावं वाचतात. चौसष्ट वर्षांत तिने आईचं नाव दिलं नव्हतं.

बापाची गोष्टच निराळी. खेचराच्या लाथेने त्याचा डावा खांदा कायमचा वर राहिला होता, तरी गाव जत्रेहून परतेपर्यंत त्याने एकट्याने टेकू उभा केला आणि घराची लाज धुवायला तो देवाला वाहिला. वर गिलावाही स्वतःच केला. या गावात विटा पुरुष रचतात, भिंती बायका लिंपतात. बायकांचं काम करतानाही त्याला कमीपणा वाटला नाही, असं लोक अजून सांगत. मरताना त्याने यूफेमियाकडून वचन घेतलं होतं, टेकूला कोणाला हात लावू देऊ नकोस.

"देवमाणूस होता, पण गिलावा पुरुषाचाच हो!" लिब्रादा हसली. "विटा आधी नीट वाळू द्याव्यात, मग लिंपावं. हिच्या बापाने ओल्यावरच थापला. दर वर्षी तडा जातो आणि ही बसते बुजवत."

"माझ्या बापाचा आहे. मी बुजवीन." दर जूनमध्ये टेकूवर पहिला हात तिचाच फिरायचा.

किर्बीचा चेहरा पडला. "म्हणजे ऑल्ड्रिच गेला तेव्हा टेकू नव्हताच? मग हे चित्र त्याचं कसं असेल?"

"कोणाचं का असेना. टेकू दिसतोय ना? मला एक फोटो काढून द्या, पाद्र्याच्या नाकासमोर धरते."

"मग या मागच्या ओळी कोणाच्या?" किर्बीने चित्र उलटं केलं आणि पुसट अक्षरं वाचली. "'१७ सप्टेंबर १९३४. नदीपलीकडच्या टेकडीवरून. गाडीपाशी एकटाच, तिसरा दिवस. ती अजून आली नाही.' ही 'ती' कोण, ते कळलं तरी चित्र कोणाचं ते ठरेल."

लिब्रादाने बोटांवर दिवस मोजले.

"सतराला तर आपण अजून जत्रेतच होतो," लिब्रादा हळूच म्हणाली.

यूफेमियाने चित्र सुलटं केलं आणि चष्मा लावला. टेकूपाशी बोटाच्या पेराएवढा एक माणूस होता. कोपरापर्यंत चिखलात. डावा खांदा वर. खालच्या विटा अजून ओल्या, काळपट होत्या आणि तो त्यांच्यावर घाईघाईने गिलावा थापत होता.

"मजूर असेल कोणी," किर्बी म्हणाला.

यूफेमिया उठली. मोरीत जाऊन तिने साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. मग तळवे नाकाशी धरले आणि तिसऱ्यांदा साबण घेतला.

"लिब्रादा, पाद्र्याला फोन लाव. सोमवारी टेकू पाडा म्हणावं."

"अगं, आणि बापाला दिलेलं वचन?"

"आणि सांग त्याला, कुदळ लावू नका. हातांनी काढा, हळूहळू."