आजींचं हसू

"पुढचं काढून टाका," वृद्धाश्रमाचे अध्यक्ष म्हणाले.

तिने बटण दाबलं. पडद्यावर बोलत असलेल्या, आश्रमातल्या एक आजी तोंड उघडं ठेवूनच थांबल्या.

चॅनलची नोकरी सोडून तिने घराच्या मागच्या खोलीत एडिटिंगचं दुकान थाटलं, त्याला वर्ष होत आलं होतं. आजवर लग्नं झाली, बारशी झाली. एडिटर आणि निर्माती म्हणून तिचं नाव झळकेल अशी ही पहिलीच फिल्म. अध्यक्षांना ती देणगीदारांना दाखवायची होती.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आजी म्हणतात, 'इथे सगळं मिळतं.' तेवढं पुरे. रात्री खोलीला बाहेरून कडी घालतात, घसा फोडून हाका मारल्या तरी कुणी फिरकत नाही, सकाळपर्यंत ओल्यातच पडून राहावं लागतं, हे कशाला? म्हाताऱ्या माणसांना भास होतात.

"आणि शेवटी जरा हसू द्या की," दातांतलं बिस्किट जिभेने कोरत ते म्हणाले. दाखवायला म्हणून त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, ते नेमकं आजींच्या ओठांवर.

अख्ख्या मुलाखतीत आजी हसल्याच नव्हत्या. तिने मागे जाऊन शोधलं. गळ्याशी माइक लावताना गुदगुल्या झाल्या, तेव्हा क्षणभर हसल्या होत्या. ते हसू तिने उचललं आणि 'सगळं मिळतं'ला जोडलं. वर बासरी सोडली. सांधा कुणाच्या बापाला दिसला नसता.

अध्यक्ष खूश झाले. आणखी दोन आश्रमांच्या फिल्म तुमच्याच, असं सांगून पाठ थोपटून गेले. त्यांचा हात लागला तेवढी पाठ तिला खरवडून काढावीशी वाटली. पण जास्त किळस आली ती स्वतःच्या सफाईची.

चहा घेऊन आलेली आई मागेच उभी राहून फिल्म बघत होती.

"किती समाधानी आहे गं ही," आई म्हणाली. "उद्या मी अंथरुणाला खिळले, तर तुझ्या कामाचा खोळंबा नको. मला खुशाल या आश्रमात ठेव."

तिने आईला खुर्चीत बसवलं आणि न कापलेली मुलाखत लावली. आईने ती शेवटपर्यंत ऐकली. मग हे मघाशी कुठे होतं, असं विचारलं.

"मी कापलं."

चहावर साय धरली. मग आई उठली आणि दारापाशी जाऊन, तिच्याकडे न बघताच म्हणाली, "रात्री माझ्या खोलीचं दार लोटत जाऊ नकोस हं."