परतीची चिठ्ठी

मोटरसायकल आडवी पडली होती आणि सरांचा उजवा पाय तिच्याखाली होता. दुपारचे सव्वादोन वाजले होते. सरांनी आधी इंजिन बंद केलं, मग पेट्रोलचा कॉक बंद केला, मग पाय ओढून पाहिला. पाय आला नाही.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस तयारीनिशीच बाहेर पडतो. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, पायात नडगीपर्यंतचे जाड बूट. साध्या चपला असत्या तर हाड मोडलं असतं. आता पाय नुसता अडकला होता. पाठीवर पाण्याची पिशवी होती, गळ्यात शिट्टी होती. फोनही होता, पण घळीत रेंज नसते हे सरांना ठाऊक होतं. म्हणून तर घरी फ्रीजवर चिठ्ठी होती.

चिठ्ठीचा नियम गॅरेजवाल्याचा. तो सरांचाच जुना विद्यार्थी. शाळेत त्याला नकाशात उत्तर दिशा कधी सापडली नाही. आता तो सरांना शिकवत असे. एकट्याने आडवाटेला जायचं तर कुठे चाललो आणि किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवायचं. ती वेळ टळली की घरच्यांनी वाट बघत बसायचं नाही, त्याला फोन करायचा. तो जीप घेऊन निघणार.

तीन वर्षं दर रविवारी सर न चुकता चिठ्ठी लिहीत होते. तीन वर्षं ती खोटी होती.

गावाबाहेर कच्च्या वाटा दोनच. एक उत्तरेला तळ्याकडे जाते, सपाट, लहान मुलांनी सायकल शिकावी अशी. दुसरी दक्षिणेला घळीत उतरते. सरांच्या बायकोने घळ एकदाच पाहिली होती, तीही वरून. "इथं शेळीसुद्धा विचार करून उतरेल," एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून सर 'तळं' लिहायचे आणि घळीत जायचे. ती चिठ्ठी वाचायची, "जपून जा" म्हणायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग गेल्या आठवड्यात ब्रेकचं पेडल वाकलं. ते ठोकून सरळ करताना गॅरेजवाल्याने विचारलं, "हे कुठं आपटलं, सर?"

"तळ्यावर."

"तळ्यावर दगड आले वाटतं नवीन."

त्याने हातोडा खाली ठेवला. "रागावू नका सर, पण खोटी चिठ्ठी ठेवण्यापेक्षा ठेवूच नका. निदान आम्ही दोन्हीकडे शोधू तरी."

आपल्याच विद्यार्थ्याने कान धरला की जरा जास्त लागतं. आज सकाळी सरांनी खरं लिहिलं. 'घळ. पाचपर्यंत परत.' खाली नकाशा काढला. उतरायची जागा, वळण, कोरडा ओढा, उत्तरेचा बाण, प्रमाण, सगळं. बायको पेपर वाचत होती. तिने चष्म्यावरून चिठ्ठीकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

हिशेब सोपा होता. पाचला ती फोन करणार. दहा मिनिटांत जीप निघणार. पाऊण तासाची वाट. सहाच्या आत माणसं. सरांनी अर्ध्या तासाला दोन घोट पाणी आणि तीन शिट्ट्या असं ठरवून टाकलं. शिट्टीला एक कावळा येऊन गेला. पाच वाजले तेव्हा सरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

सहा वाजले. कोणी आलं नाही.

साडेसहाला ऊन गेलं. पाणी संपलं. बुटातली बोटं हलवून पाहिली, पण ती हलली की नाही ते कळेना. चिठ्ठी खाली पडली असेल. बायको शेजारी गेली असेल. ती शेजारी कधीच जात नसे. मग पहिल्यांदाच सरांच्या मनात आलं, की आता रात्र होईल आणि सकाळपर्यंत आपण असूच असं नाही. बायकोला काय काय सांगायचं राहिलं आहे, ते त्यांनी मनात मांडायला घेतलं. ते फारच लांबायला लागलं, तेव्हा मध्येच सोडून त्यांनी शिट्टी वाजवली.

सव्वासातला वर जीपचे दिवे दिसले. गॅरेजवाला दोर धरून उतरला. त्याच्या मागून सरांची बायको बसून घसरत घसरत आली. दोघांनी मिळून मोटरसायकल उचलली. पाय निघाला.

"बोटं हलवा, सर."

बोटं हलली. बायको दगडावर बसली, सरांचा पाय तिने मांडीवर घेतला आणि बुटाचे बंद सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. टॉर्चच्या उजेडात सरांना तिचे पाय दिसले. गुडघ्यापर्यंत काळा, चिकट चिखल. अशी माती या भागात एकाच ठिकाणी होती.

"अगं, तू तळ्यावर गेली होतीस?"

"तास गेला आमचा तिथं. हा कमरेइतक्या पाण्यात काठीने चाचपडत होता."

गॅरेजवाला दोर गुंडाळत दुसरीकडे बघत राहिला.

"पण मी घळ लिहिलं होतं," सर म्हणाले. "नकाशा काढून दिला होता."

"पाहिला ना. नकाशा पाहूनच तर माझी खात्री पटली." गाठ सुटली. तिने बूट हळूच काढून बाजूला ठेवला. "तीन वर्षं या घळीतल्या लाल मातीच्या पँटी मी धुतेय. चिठ्ठीत लिहिता तिथं तुम्ही नसता, एवढं एकच तर मला पक्कं ठाऊक होतं."