शालनचं हक्कसोडपत्र

मनातला होकार तपासणाऱ्या यंत्राची पट्टी शालनने तिसऱ्यांदा कपाळावर बांधून घेतली. दोनदा लाल दिवा लागला होता. आता पुन्हा लागला, तर हक्कसोडपत्र कायमचं रद्द होणार होतं आणि वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा तिच्याच नावावर राहणार होता.

"नुसतं हो म्हणून चालत नाही, ताई," दुय्यम निबंधक बाई म्हणाल्या. "मनातून होकार असेल, तरच यंत्र हिरवा दिवा देतं."

शेजारी उभा असलेला तिचा भाऊ हणमंत कानाशी वाकला. "शाले, माहेर तुटेल बघ."

शालनने डोळे मिटले. लहानपणी दादा खांद्यावर बसवून ओढा पार करायचा, ते तिनं मुद्दाम आठवलं. मग ती म्हणाली, "माझा हिस्सा मी खुशीनं सोडते."

दिवा लालच लागला.

हणमंतने फाइल उचलली आणि मागे न बघता तो निघून गेला. त्याला हाक मारायला शालन अर्धवट उठली. ती पुन्हा खाली बसली. पदरानं तिनं डोळे पुसले.

"बाई," तिनं विचारलं, "माझ्या नावाचा सातबारा कधी मिळेल?"