राजदूतचा पिकअप

चेअरमनची येझदी मूठ पिळताच उसळायची. माझी राजदूत आधी खोकायची, मग निघायची. दूध सोसायटीत सगळे हसायचे. शेवटी भूमच्या मिस्त्रीकडून कार्बोरेटरचं जेट मोठं करून घेतलं, सायलेन्सरची जाळीही काढली. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन टँकरवर पाण्याला गेलो. भरलेली घागर मांडीवर धरून ती मागं एका अंगानं बसली. “खांद्याला धर,” म्हणालो. “पारावर मामंजी हायत. काय म्हणतील?” तिनं दोन्ही हातांनी घागरच धरली. मी मूठ पिळली. गाडी दावं तोडलेल्या खोंडासारखी उधळली. पारावरची माणसं हात उंचावून ओरडत होती. सायलेन्सरच्या आवाजात मला वाटलं, कौतुकच चाललंय. मीही हात हलवला. वस्तीपर्यंत ओरडून सांगत राहिलो, “पिकअप बघितलास? मागं कुणी बसलंय असं वाटतसुदिक न्हाय!” दारात गाडी बंद केली, मागं वळलो. सीट नुसती ओली होती.