पुढचा शाफ्ट

पुढचा शाफ्ट दोन बोटं कमी पडत होता.

सावळाराम मिस्त्रीनं जीपखाली पडल्या पडल्या तो पुन्हा एकदा लावून पाहिला आणि सरकत बाहेर आला. "ट्रान्सफर बसली झ्याक. पर ह्या गाडीचं माप येगळं पडतंय. पुढचा शाफ्ट वाढवाय लागंल, मागचा कापाय लागंल. लेथवर पाठवतो. दुपारपतूर हुईल."

"होऊ द्या," धनाजी म्हणाला.

तो सकाळपासून कापूरहोळच्या त्या गॅरेजात उभाच होता. वेल्ह्याच्या वर डोंगरात त्याच्या वाडीला गाडी म्हणून ही एकच जीप. शेजारच्या बाजीची सून मोहिनी हिचे दिवस भरत आले होते. आठवडाभरात कधीही तिला खिंडीचा चढ ओलांडून खाली दवाखान्यात न्यावं लागलं असतं, आणि त्या चिखलात चारही चाकं ओढणारी गाडीच हवी होती. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही वाटून देणारी ती ट्रान्सफरची जड पेटी आणि तो जोर चाकांपर्यंत नेणारे तिचे दोन्ही शाफ्ट धनाजीच्या सासऱ्यांनी, गेनबांनी, मिळवले होते. त्यांच्या उत्रोलीत एकाच्या परड्यात मोडकी जीप पडून होती. गेनबा त्या मालकाच्या मागंच लागले आणि सगळं सोडवून टेम्पोतून स्वतः घेऊन आले.

आता ते जुन्या टायरवर बसले होते. त्यांची लेक, धनाजीची नूतन, गेल्या श्रावणात त्याच चढावर गेली होती. बाळंतपणाला नेताना जीप चिखलात रुतली ती निघालीच नाही. माणसांनी तिला घोंगडीत घालून उचललं, पण खिंडीपर्यंतसुद्धा ती पोचली नाही. पोटातलं बाळही गेलं. उत्रोलीत कुणी धनाजीला बोल लावू लागलं की गेनबा म्हणायचे, "जावयाचा काय दोष? चढ तसला, पाऊस तसला." बायकोलाही त्यांनी असंच गप्प केलं होतं.

सावळारामनं कापडाला हात पुसले. नूतनचं त्याला काही ठाऊक नव्हतं. "बरं केलंत बाबा, सामान आणलंत ते. ह्याला म्या कवाच सांगितलं हुतं, ट्रान्सफरचं दात गेल्यात, बदलून टाक. ऐकलं न्हाई. उलट पुढचा शाफ्टच काढाय लावला. म्हणला, वाडीपतूर रस्ता होणारच हाय, तवर मागच्या दोन चाकांवर भागंल."

"कवा?" गेनबांनी विचारलं.

"झालं की दीडेक वरीस."

गेनबांनी जावयाकडं पाहिलं. "म्हंजी श्रावणात, पावणं..."

"न्हवता, मामा," धनाजी म्हणाला. "पुढचा शाफ्ट न्हवता."

दहा महिने त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीला तो सांगायचंच म्हणून उत्रोलीला गेला होता. गेनबांनी त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं, आपल्या हातानं भातावर तूप वाढलं. तो जेवून परत आला.

गेनबा मिस्त्रीकडं वळले. "हे समदं बसवाय किती येळ लागतो?"

"हे? दीड दिस."

"दीड दिस," गेनबा म्हणाले.

मग ते उठले, टोपी झटकली आणि रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. भोरची एक गाडी आली, गेली. दुसरीही गेली. गेनबा तिथंच होते, गॅरेजकडं पाठ करून.

दुपारी शाफ्ट आले. सावळारामनं ते चढवले, बोल्ट आवळले, ग्रीस भरलं. गॅरेजमागं मुरूम काढून उघडी पडलेली एक टेकाडाची कड होती. चार दिवसांच्या पावसानं तिचा नुसता राडा झाला होता. "जा, बघ तिथं चढवून," तो म्हणाला.

धनाजीनं ट्रान्सफरचा दांडा मागं ओढला. खट् असा आवाज झाला. त्यानं क्लच सोडला.

जीप चढली. चाकं एकदाही जागच्या जागी फिरली नाहीत, मागं सरकली नाहीत. म्हशीनं ओढ्यातून निवांत वर यावं तशी ती वर आली आणि माथ्यावर उभी राहिली. घटकाभराचंसुद्धा काम नव्हतं.

खालून मिस्त्री हात हलवून बोलावत होता. धनाजीला मात्र दांड्यावरचा हात सोडवेना. त्यानं कपाळ स्टिअरिंगला टेकलं, आणि मग त्याला रडू आवरलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. पलीकडचं दार उघडलं. गेनबा वहाणा हातात घेऊन, घोट्यापर्यंत चिखलात भरलेले, वर आले होते. ते आत बसले. इंजिन चालूच होतं.

"चढली," गेनबा म्हणाले.

"व्हय, मामा."

मग, जावयाला कधी अरेतुरे न केलेल्या त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "लई वरडली का रं ती?"

धनाजीनं मान हलवली.

"न्हाई, मामा. गाडी तापली आसंल, म्हणली. जरा दम घेऊ द्या तिला."